दुपारी दोन ते चार

आमच्या लॅबच्या मॅडम नोकरी सोडून चालल्या होत्या, म्हणून त्या हँडओव्हरची यादी करत होत्या आणि मी शेजारी बसून पानांवर नंबर घालत होते. किल्ल्या, रेफरन्स स्टँडर्डचं रजिस्टर, कॉलमचं कपाट, कुठल्या मशिनची एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, कधी संपतो, कुठल्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन केला की तो खरंच येतो आणि कुठला दिवसभर नुसता ‘निघालोय’ म्हणत राहतो, हे सगळं त्या यादीत होतं. मधेच एक ओळ होती : ‘बॅलन्स क्र. २ पावसाळ्यात दुपारी दोन ते चार वापरू नये.’ बॅलन्स म्हणजे वजनाचा बारीक काटा. पुढे कारण नाही, संदर्भ नाही, काही नाही. यादी क्यूएकडे, म्हणजे सगळी कागदपत्रं तपासणाऱ्या गुणवत्ता हमी विभागाकडे, गेली आणि अर्ध्या तासात तिथला एक तरुण मुलगा ती घेऊन परत आला. त्या ओळीखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली होती. ‘मॅडम, हे कुठल्याच एसओपीत नाही. डेटा असेल तर जोडा, नसेल तर काढावं लागेल.’ एसओपी म्हणजे कामाची ठरवून दिलेली लेखी पद्धत. मी मनात म्हटलं, आता ह्याचं काही खरं नाही. क्यूए आणि आमच्या मॅडम यांच्यात एका स्वल्पविरामावरून आठवडा आठवडा मेल चाललेल्या मी पाहिल्यात. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, ती ओळ डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि म्हणाल्या, ‘काढून टाक.’

तो मुलगासुद्धा जरा वेळ तसाच उभा राहिला.

त्या संध्याकाळी रबाळे स्टेशनवर ठाण्याच्या गाडीची वाट बघताना डोक्यात तेच घोळत होतं. पारसिकच्या डोंगरावर ढग उतरले होते, एमआयडीसीच्या बाजूने माणसांचे लोंढे येत होते, प्लॅटफॉर्मवर ओल्या छत्र्यांचा वास. राजीनामा दिल्याचं मॅडमनी आम्हाला सांगून महिना होत आला होता. तोवर मला काही वाटलं नव्हतं, म्हणजे वाटलं होतं, पण ते ‘अरे वा, गुजरातेत दहेजला का, छान’ या छापाचं. खरं सांगायचं तर त्यांच्या जागेवर तात्पुरतं माझं नाव लागणार हे कळल्यापासून मी थोडी खुशीतच होते. पण ‘काढून टाक’ ऐकलं आणि कळलं की बाई मनानं गेलीसुद्धा. जो माणूस आपल्या वहीतली एक ओळ कुणाला हलवू देत नाही, तो ती सहज सोडून देतो तेव्हा त्याचं सामान बांधून झालेलं असतं.

मी या लॅबमध्ये आले ती एमएस्सी होऊन, ऑरगॅनिकमध्ये बरे मार्क घेऊन, म्हणजे आपल्याला सगळं येतं अशा समजुतीत. औषधांच्या कारखान्यातली क्यूसी, म्हणजे मालाचा दर्जा तपासणारी, लॅब म्हणजे काय हे कॉलेजात कुणी सांगत नाही. तिथे शोध बिध लावायचा नसतो. खालच्या प्लांटमधून नमुना येतो, त्याला एआर नंबर, म्हणजे तपासणीचा क्रमांक, पडतो आणि तो मोनोग्राफमध्ये, म्हणजे त्या औषधाच्या ठरलेल्या मानकात, लिहिलंय तसा आहे की नाही एवढंच तुम्ही सांगायचं. हो किंवा नाही. बाकी सगळं ते ‘हो’ किंवा ‘नाही’ तुम्ही कशावरून म्हणालात याचा पुरावा. मॅडमच्या केबिनमध्ये एक टेबल आणि एकच खुर्ची होती, त्यांची. वही तपासायला नेली की आपण टेबलाच्या या बाजूला उभं राहायचं. त्या वाचायच्या सावकाश, बोट आकड्याखाली ठेवून, जणू काही तो आकडा पळून जाईल. कधी कधी वीस मिनिटं. पावसाळ्यात आतले बूट ओले असायचे, एसी पाठीवर यायचा आणि आपण उभे. त्यांनी कधी ‘बस’ म्हटलं नाही. मला त्याचा मनापासून राग यायचा. अजूनही येतो.

त्यांचा पहिला नियम, आकडा ज्या क्षणी दिसला त्या क्षणी वहीत. मागाहून नाही, ‘लक्षात आहे माझ्या’ नाही, चिठ्ठीवर तर अजिबात नाही. आमच्या बरोबरच्या एका मुलाच्या अ‍ॅप्रनच्या खिशातून एकदा टिश्यू पेपरचा तुकडा निघाला, त्यावर ब्युरेटची रीडिंगं. वही खराब होऊ नये म्हणून नंतर नीट अक्षरात उतरवणार होता बिचारा. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी तो टिश्यू वहीत चिकटवायला लावला, त्यावर त्याची सही आणि तारीख घेतली, आणि खाली लिहायला लावलं की मूळ नोंद ही. तो बोळा आजही त्या वहीत आहे, रेकॉर्ड रूममध्ये. ऑडिटर आला आणि ते पान उघडलं तर उघडलं. ‘घाणेरडी वही चालेल,’ त्या म्हणायच्या, ‘सुंदर वही बघितली की मला भीती वाटते.’

दुसरा नियम सगळ्यांना पाठ असतो. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. हे कुठल्याही जीएमपी, म्हणजे औषधं नीट बनवण्याच्या नियमांच्या, ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाइडवर असतं आणि ते ऐकताना सगळे जांभया देतात. मॅडम त्यावर एक वेगळी गोष्ट करायच्या. महिन्यातून एकदा कुणाची तरी वही उघडायच्या आणि फक्त रेघ मारलेले आकडे वाचायच्या. बरोबरचे सोडून. मग म्हणायच्या, ‘ही मुलगी जेवणानंतर सहाचा आठ करते.’ किंवा, ‘हा शुक्रवारी घाईत असतो.’ माणूस त्यांना खोडलेल्या आकड्यांतून कळायचा. हे मला फार आवडायचं आणि जरा भीतीदायकही वाटायचं. आता माझ्या घरी वाणसामानाच्या यादीतसुद्धा साबुदाण्यावर एकच रेघ असते, खालचं अक्षर दिसेल अशी. नवरा विचारतो, सही राहिली का?

जुलैतली लॅब मात्र पाहायला हवी. एसी, डीह्युमिडिफायर, सगळं चालू असतं, तरी हवेतलं पाणी कुठून कुठून आत शिरतं. आमचा एक पदार्थ असा आहे की बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर ती पांढरी, भुरभुरीत पावडर डब्याबाहेर राहिलेल्या पापडासारखी मऊ पडते. तिच्यातलं पाणी मोजायचं ते कार्ल फिशर पद्धतीनं. फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ती १९३५ साली मांडली आणि अजून तिला तोड नाही. आयोडीन पाण्याशी ठरलेल्या प्रमाणात संपत जातं, पाणी संपलं की आयोडीन उरायला लागतं आणि इलेक्ट्रोडला ते ताबडतोब समजतं. ऐकायला सोपं. पण मशिनला नमुन्यातलं पाणी आणि रबाळ्याच्या हवेतलं पाणी यांतला फरक कळत नाही. त्यामुळे पावसाळ्यात आम्ही सगळे झाकणांचे कारकून होतो. सकाळी आल्या आल्या ड्राइंग ट्यूबमधली सिलिका बघायची, निळी आहे की गुलाबी पडली, पडली असेल तर बदलायची. भांड्याचं सेप्टम, म्हणजे रबरी बूच, चेपून बघायचं. ड्रिफ्ट, म्हणजे भांड्यात आपोआप शिरणाऱ्या पाण्याचा आकडा, खाली येईपर्यंत थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मधल्या वेळात मोबाइल बघायला जायचं नाही. नमुना वजन करून टाकायचा, नमुना ठेवायची रिकामी तबकडी परत वजन करायची, फरक घ्यायचा. सगळं काही सेकंदांत. मॅडमच्या तरुणपणी या रिएजंटमध्ये पिरिडीन असायचं, सडक्या मासळीसारख्या वासाचं. अ‍ॅप्रन धुवायला घरी नेला की सासूबाई दार उघडायच्या नाहीत, असं त्या सांगायच्या. त्यांच्या घरच्याबद्दल आम्हाला एवढंच माहीत.

आणि आकडा जास्त आला की नवीन माणूस पहिल्यांदा काय करतो? नमुन्यावर संशय घेतो. प्लांटवाल्यांनी नीट वाळवलं नसेल. मॅडमचं उत्तर ठरलेलं.

‘आधी टार्ट्रेटला विचार.’

सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेटमध्ये पाणी असतं १५.६६ टक्के. बाहेर ऊन असो नाहीतर मुसळधार, ते तेवढंच. स्फटिकात पक्कं बसलेलं पाणी, हवेचं ऐकत नाही. म्हणून नमुन्याच्या आधी त्याची परीक्षा घ्यायची. मशिननं १५.६६ च्या आसपास दाखवलं तर मशीन आणि तुमचा हात दोन्ही शुद्धीवर आहेत, मग खुशाल प्लांटला फोन करा. नाही दाखवलं तर फोन खाली ठेवा. हे वाक्य मी लॅबबाहेर इतक्या ठिकाणी मनात म्हटलंय की आता त्याचा उगम आठवावा लागतो. कुणाशी भांडायच्या आधी, डॉक्टर बदलायच्या आधी, मुलाच्या शाळेत तक्रार घेऊन जायच्या आधी. दरवेळी टार्ट्रेट मिळतंच असं नाही. घरात तर मुळीच नाही.

एक संध्याकाळ सांगायलाच हवी. महिनाअखेर होती, कंटेनर खाली उभा, न्हावाशेव्याला गेट बंद व्हायच्या आत माल पोचायला हवा होता. औषधात मूळ घटक किती टक्के आहे याची चाचणी, म्हणजे ‘अ‍ॅसे’, मीच लावला होता एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशिनवर. लिमिट ९८.० ते १०२.०. माझे दोन सँपल आले ९६.९ आणि ९७.१. ओओएस, म्हणजे आउट ऑफ स्पेसिफिकेशन, लिमिटबाहेर. हे तीन शब्दांचं आद्याक्षर औषध कारखान्यात उच्चारलं की आवाज आपोआप खाली येतो. मी मॅडमना बोलवायला गेले आणि येताना मनातल्या मनात एकच प्रार्थना, देवा, चूक माझी निघू दे. कारण अ‍ॅनालिस्टची चूक सापडली की सगळं सोपं असतं. ट्रेनिंग घ्या, फॉर्म भरा, परत लावा, बॅच पास, कंटेनर रवाना. बोलणी बसतील, बसू देत.

मॅडम आल्या, हात धुतले, ग्लोव्ह्ज चढवले. फ्लास्क फेकले नव्हते. निकाल तपासून होईपर्यंत कुठलंही द्रावण सिंकमध्ये जात नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. एकेक फ्लास्क उचलून त्यांनी दिव्यासमोर धरला. तळाला न विरघळलेलं काही? नाही. पातळी खुणेवर? मेनिस्कसचा, म्हणजे द्रवाच्या वक्र पृष्ठभागाचा, तळ बरोब्बर रेघेवर. मानेत आत कुठे थेंब चिकटलेला? नाही. पिपेट पाचचं घेतलं की दहाचं? दाखव. ते रॅकमध्ये होतंच. बॅलन्सच्या प्रिंट काढून वहीशी ताडल्या. स्टँडर्डची पोटन्सी कॉम्प्युटरला चालू लॉटचीच घातली होती का ते पाहिलं. मशीन नीट चालतंय का हे बघायची, सिस्टिम सुटेबिलिटीची, सहा इंजेक्शनं, आरएसडी, म्हणजे त्यांच्यातली तफावत टक्क्यांत, दोनच्या पुष्कळ आत. आलेखावरचं पीक, म्हणजे शिखर, उघडून बेसलाइन कुठून कुठे ओढलीय ते बघितलं. मग तीच व्हायल परत इंजेक्ट केली. आम्ही दोघी स्क्रीनसमोर उभ्या. पीक वर चढलं, उतरलं. ९७.०. एवढ्यात प्रॉडक्शनचे साहेब वर आले होते. चांगला माणूस, गणपतीला सगळ्या लॅबला मोदक पाठवणारा. म्हणाले, ‘मॅडम, मुलगी दमलीय, काहीतरी हातून झालं असेल. उद्या फ्रेश सँपल घेऊन लावू. तोवर मी ट्रान्सपोर्टरला थांबवतो.’ मी मान हलवायच्या बेतात होते. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. ‘हिची चूक सापडली तर मीच लिहीन. सापडली नाही. सापडली नाही म्हणून झाली असेल, असं मला लिहिता येत नाही.’

कंटेनर रिकामा गेला.

चांगला आकडा येईपर्यंत परत परत टेस्ट करायची नाही, हे आमच्या धंद्यात कोर्टात ठरलेलं आहे. १९९३ साली न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात, बार लॅबोरेटरीजच्या खटल्यात, न्यायाधीश वोलिन यांनी. त्यानंतर तेरा वर्षांनी, २००६ मध्ये, अमेरिकेच्या एफडीएनं ओओएसची चौकशी कशी करायची याची मार्गदर्शिका काढली. हे सगळं मला पुढे ट्रेनिंगमध्ये कळलं आणि परीक्षेत मी ते लिहिलंही. पण न्यू जर्सीच्या कोर्टात महिनाअखेरीचा कंटेनर खाली हॉर्न वाजवत नसतो. त्या बॅचचं कारण पुढे ड्रायरच्या लॉगबुकमध्ये सापडलं, तास कमी पडले होते, सॉल्व्हंट आत राहिलं होतं. म्हणजे आकडा खरा होता. मॅडमनी त्यावर ‘बघितलंत?’ असं कुणालाही म्हटलं नाही, साहेबांना नाही, मला नाही. त्या वर्षी गणपतीत मोदक आले नाहीत हे मात्र त्यांनी बरोबर लक्षात ठेवलं. ‘मावा असायचा आत,’ असं एकदा कँटीनमध्ये पुटपुटल्या होत्या.

आता वाचणाऱ्याला वाटेल, बाई देवमाणूस. तसं काही नव्हतं. मॅडमना एका बाबतीत माणसं दिसायचीच नाहीत. बाटल्या धुणाऱ्या मावशींना त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. ‘ग्लासवेअर’ म्हणायच्या. ‘ग्लासवेअरला सांग, क्रोमिक अ‍ॅसिड संपलं.’ कुणाचं कौतुक त्यांच्या तोंडून निघायचं नाही, आणि त्याला त्या तत्त्व म्हणायच्या. माझ्या मते तो आळस होता. चांगल्या कामाचं ‘चांगलं’ म्हणायला सही-तारीख लागत नाही. शिवाय एचपीएलसीच्या पंपातली हवा काढायची त्यांची स्वतःची एक युक्ती होती, ती त्यांनी कुणाला दाखवली नाही. दार लावून करायच्या. एवढं सगळं लिहून ठेवा, लिहून ठेवा म्हणणारी बाई ही एक गोष्ट कुठेही न लिहिता घेऊन गेली. मी आता सर्व्हिस इंजिनिअरला चहा पाजून पाजून ती काढून घेतली. युक्ती म्हणजे काही नव्हतं, व्हॉल्व्ह कुठल्या क्रमानं सोडायचे एवढंच.

त्या का चालल्या यावर लॅबमध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्या ओओएसवर झाली नसेल. पन्नाशी ओलांडलेली बाई, ऐरोलीला सिडकोचं स्वतःचं घर, कंपनी रिक्षानं दहा मिनिटांवर, आणि जायचं कुठे तर भरूचच्या पुढे दहेजला. एकानं पगार सांगितला. एकीनं क्यूएशी वाजलं असं सांगितलं. कुणी म्हणालं, मिस्टर रिटायर झाले असतील, घरात बसवत नसेल. मी पण अंदाज लावले. एका दुपारी मावशीच म्हणाल्या, ‘सापडलं नाही तर लिवू नका,’ आणि सगळे हसले. ऐकत असतात त्या.

मला मॅडमनी जे सांगितलं ते जाता जाता, कॉलमच्या कपाटाची किल्ली देताना. ‘तिकडे लॅबच्या नुसत्या चार भिंती आहेत. पाण्याचा पॉइंट कुठे घ्यायचा तेही ठरलेलं नाही.’ हे सांगताना त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता. इथे सगळं दुसऱ्या कुणीतरी आधी मांडून ठेवलेलं त्यांना मिळालं होतं. बॅलन्सची दगडी टेबलं, सिंक, फ्यूमहूडची दिशा, सगळं. त्यात त्यांनी निम्मी नोकरी कुरकुरत काढली. आणि आमचा पट्टाही आता तो राहिलेला नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यानं जाताना एके काळी नाकानंच कळायचं कुठली कंपनी आली. त्या सांगायच्या, ट्रान्सहार्बर लोकल २००४ साली आली, त्याच्या आधी त्या कळव्यावरून कंपनीच्या बसनं यायच्या आणि डोळे मिटूनही नोसिल, हर्डिलिया ओळखायच्या. आता त्याच रस्त्यावर काचेच्या इमारती आहेत आणि खिडक्या नसलेली डेटा सेंटर्स. गाडीला दिघा गाव हे नवं स्टेशनही २०२४ च्या जानेवारीपासून मिळालं. डब्यातले बहुतेक चेहरे गळ्यात आयटीची पट्टी घातलेले. ऐरोलीला उतरणारी पोरं आणि रबाळ्याला उतरणारी पोरं यांच्या बुटांवरून फरक कळतो. रसायनं गुजरातकडे सरकली, आणि मागून माणसंही जातात. यात वाईट वाटून घ्यावं असं काय आहे ते मला नीट सांगता येत नाही. हवा तर सुधारली. पण वाटतं खरं.

निरोपाला समोसे, वेफर्स आणि मधे मॅडमचं नाव चुकीच्या स्पेलिंगनं लिहिलेला केक. त्या नावावर कुणी एक आडवी रेघ मारली नाही याचं मला आश्चर्य वाटलं. वर्गणी काढून भिंतीवरचं घड्याळ घेतलं होतं. त्यांनी वेष्टन सोडलं, घड्याळ उलटं करून मागची बाजू बघितली आणि विचारलं, ‘कॅलिब्रेशनचं स्टिकर कुठाय?’ एचआरला विनोद कळला नाही, त्यांनी घाईघाईनं वॉरंटी कार्ड पुढे केलं. मग ‘मॅडम, चार शब्द बोला’ झालं. मॅडम उभ्या राहिल्या. ‘फ्रीजच्या खालच्या कप्प्यात लेबल नसलेलं काही सापडलं तर ते माझं नाही. टाकून द्या.’ आणि बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे ठरायला जरा वेळ गेला. मावशी सगळ्यांत आधी वाजवायला लागल्या. त्यांना मॅडमनी जाताना एक पाकीट दिलं, त्यावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, वडिलांच्या नावासकट. म्हणजे माहीत होतं. मग इतकी वर्षं?

त्या गेल्यावर पाऊस चांगला धरला आणि मला ती ओळ स्वस्थ बसू देईना. त्यामागचं कारण मला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. पुढच्या गेटच्या रस्त्यावर पावसात पाणी तुंबायचं, म्हणून त्या दिवसांत डिस्पॅचच्या गाड्या मागच्या गल्लीतून घ्यायचे. ती गल्ली बॅलन्स रूमच्या भिंतीला लागून. जेवणानंतर लोडिंग सुरू झालं की भरलेला ट्रेलर रिव्हर्स घेताना बॅलन्सचा दशांशानंतरचा चौथा आकडा नाचायचा. दगडी टेबल असूनही. मॅडमनी ते हातानं ओळखलं होतं, डेटानं नव्हे. तेव्हा मी ठरवलं, डेटा आपण देऊ आणि ती ओळ रीतसर परत आणू. क्यूएच्या त्या मुलाला प्रोटोकॉल लिहून दिला. एकच प्रमाणित वजन, दहा वेळा, सकाळी, दुपारी दोन ते चारच्या मधे, आणि संध्याकाळी. त्यानं सही केली, वर ‘गुड इनिशिएटिव्ह’ असंही म्हणाला. पावसाच्या दिवसांत मी आणि नवीन मुलगा चिमट्यानं वजन ठेव, काढ, ठेव, काढ करत बसलो. प्रिंटरची पट्टी लांबत गेली. दुपारचे आकडे सकाळसारखेच. संध्याकाळचेही तसेच. चौथा आकडा जागचा हलायला तयार नाही.

मग खाली जाऊन बघितलं. मागच्या गल्लीत शेवाळ. गाड्या पुढूनच लागत होत्या. नाला रुंद केला, रस्ता काँक्रीटचा होऊन उंच झाला, त्याला दोनेक पावसाळे होऊन गेलेले. आम्ही रोज त्याच गेटनं आत येतो. मॅडमही येत होत्या.

म्हणजे ती ओळ खरी होती आणि आता नव्हती. त्यांना हे माहीत होतं म्हणून त्यांनी सोडली, की माहीत नव्हतं आणि त्यांना आता फरक पडत नव्हता? फोन करून विचारता आलं असतं. परवा त्यांचाच फोन आला होता, ग्रॅनाइटचं टेबल बनवून देणाऱ्या महापेच्या माणसाचा नंबर हवा होता. दहेजला खाडीचं वारं खारं आहे, फिशरला त्रास होणार, म्हणाल्या, आणि स्वर असा की जणू काही बक्षीस लागलंय. विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी रिपोर्टमध्ये जे दिसलं ते लिहिलं होतं, सही-तारीख झाली होती, फाइल बंद होती. त्यांना मी नंबर दिला आणि टार्ट्रेट कितीचं येतंय ते विचारलं. ‘पंधरा सहासष्ट,’ त्या म्हणाल्या. ‘अजून येईल काय दुसरं?’

त्यांच्या केबिनमध्ये आता मी बसते. पहिलं काम केलं ते म्हणजे स्टोअरमधून एक खुर्ची मागवून टेबलाच्या त्या बाजूला ठेवली. इतकी वर्षं मनात धरलेलं होतं, माझ्या हाताखालचं पोर उभं राहणार नाही. नवीन मुलगा वही घेऊन आला, मी म्हटलं, ‘बस रे.’ तो बसला. आणि बोलायला लागला. कोपरखैरण्याचा घरमालक अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपायच्या आतच भाडं वाढवून मागतोय. बहीण एमपीएससीची तयारी करते, तिला स्थळं येतायत. तुर्भ्याला एपीएमसीच्या बाहेर कांदा किती स्वस्त मिळतो. मी बोट आकड्याखाली ठेवून वाचतेय, तो बोलतोय. चांगलं पोरगं आहे, मन मोकळं करतंय, ऐकायलाही बरं वाटतं. मॅडमशी मी एवढ्या वर्षांत घरमालकाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पण एका पानावर त्याचा सात एकासारखा होता आणि मी तो तसाच ओलांडून पुढे गेल्याचं मला पुढच्या ओळीवर लक्षात आलं. मागे आले, परत वाचलं. तो सांगत होता की कांद्याची गोण घेतली तर आणखी परवडतं. शेवटी मी त्याला बसू दिलं आणि वही घेऊन मीच उभी राहिले. तर तोही गडबडून उठला.

‘बस, बस,’ मी म्हटलं. ‘हा सात आहे की एक?’